मुर्री ते व्हेराक्रूझ, व्हाया मोहाचं झाड

मंडईला येणं जमणार नाही, असं लेकीने काल फोनवर सांगितलं आणि मी "बरं" म्हणाले. इतक्या समजूतदारपणे म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना चार भांडी आपटली. प्रज्ञा नागपूरला वसतिगृहात राहते, बारावीचं वर्ष आहे, सराव परीक्षा तोंडावर आहे. सगळं कळतं हो. मी स्वतः मास्तरीण, परीक्षेचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको. पण कळलं म्हणून वाईट वाटायचं थांबतं थोडंच!

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. एका दिवसाची जत्राच ती. दुकानं, पाळणे, ढोलकीवर दंडार नाचणारी मंडळी, शेवचिवड्याचे ढीग. पण खरी गोष्ट ही की त्या दिवशी गावातला जो जो बाहेर गेलेला असेल तो घरी येतो. लेकी, जावई, सोयरे, कामाला गेलेली पोरं, सगळे. आम्ही आता फुलचूरला राहतो, तरी मंडई आमची मुर्रीचीच, माझ्या सासरच्या गावची. गोंदियाच्या कडेला लागून असलेलं गाव, अर्धं शहर झालंय, पण बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, अजून धानाने भरतात. तिथूनच परवा नव्या तांदळाचं पोतं आलं. भिंतीला टेकवून ठेवलंय. नव्या तांदळाला एक ओलसर, दुधाळ वास असतो, शिवलेल्या पोत्यातूनही येतो. भांडी आपटून झाल्यावर मी त्या पोत्याजवळच बसले, आणि त्या वासाने मला उचलून थेट लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नेऊन टाकलं.

गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर अजून 'जि. भंडारा' होतं, आणि पत्ता लिहिताना हात आपोआप भंडाऱ्याकडे वळायचा. मीही मुर्रीत नवीनच. सालेकसाकडच्या शाळेत भूगोल शिकवायचे, सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळी परत. घरात माणसं तीन: मी, माझे यजमान प्रकाशराव आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. चौथा एक होता, पण तो घरात नव्हता. त्याचं पुढे सांगते.

प्रकाशराव एका राईस मिलमध्ये मोटारी आणि वायरिंग बघायचे. बोलणं अगदी मोजकं. मी बडबडी, आणि नशिबाने नवरा हा असा! लग्नाला चार महिने झाले तरी "चहा झाला का" आणि "गाडी वेळेवर होती का" याच्या पुढे संसाराचं गाडं सरकलेलं नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस आपल्यावर रुसलाय की काय. मग कळलं की त्यांचं बोलायचं नाही, ऐकायचंच वेड आहे. रेडिओचं. अंगणातल्या मोहाच्या झाडापासून घराच्या वळचणीपर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती. त्या तारेवर पहाटे जपानपासून पुढे जगभरातली केंद्रं पकडायची, हा उद्योग.

आता मला काय माहीत ती एरियल म्हणून! अंगणात तार ताणलेली दिसली, चांगली घट्ट, उन्हात. मी नवी सून, कामाला वाघीण. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर माझी जड काठाची साडी, आत्याबाईंचं लुगडं आणि एक गोधडी वाळत टाकली. संध्याकाळी प्रकाशराव आले, सायकल तशीच पडू दिली आणि गोधडीकडे बघत उभे राहिले. मी घाबरले. ते इतकंच म्हणाले, "जपान बुडालं." आणि हसायला लागले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना तेव्हा पाहिलं. आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "तार कपड्यासाठीच असते ना जी. मी बी टाकतो, हा काढून ठेवते."

पहाटेची ती वेळ अजून आठवते. बाहेर धुकं, बांध्यांमध्ये उभं धान दवाने वाकलेलं, लांब मिलच्या भोंग्याचा आवाज. प्रकाशराव घोंगडी पांघरून रेडिओसमोर. खर्रर्र, शीळ, कुठली तरी बातमी, पुन्हा खर्रर्र. आणि त्या गडबडीतून एक दिवस भरभर बोलणारा एक आवाज आला, मागे तंतुवाद्यं, आणि पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द, "मेहिको." प्रकाशरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बांधीत हंडा सापडला.

"मेक्सिको," ते कुजबुजले. "तिथं आता संध्याकाळ होऊन रायली."

बास, माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. शाळेचा नकाशासंग्रह घरी आणला. मुर्रीवर बोट ठेवलं आणि त्याच अक्षवृत्तावरून पश्चिमेकडे सरकवत नेलं. अरबी समुद्र, वाळवंट, आफ्रिका, अटलांटिक, आणि बोट जाऊन थांबलं मेक्सिकोच्या आखाताच्या काठी, व्हेराक्रूझ नावाच्या राज्याच्या उत्तर भागावर. गंमत म्हणजे रेखांशही जवळजवळ समोरासमोर! म्हणजे तेही कर्कवृत्ताच्या थोडं खाली, आपणही. आमच्याकडे झुंजूमुंजू होतं तेव्हा त्यांच्याकडे दिवेलागण. आमचा सूर्य उगवायला निघतो तो त्यांच्याकडूनच उठून. मी हे सांगत होते आणि प्रकाशराव ऐकत होते, रेडिओ ऐकतात तसे, कान देऊन. मनात म्हटलं, सापडली बाई किल्ली.

त्यांनी मेक्सिकोच्या रेडिओला पत्र टाकलं, आणि आमचं गाव व्हेराक्रूझच्याच रेषेत आहे हेही त्यात लिहिलं. हे रेडिओवाले लोक तसं करतातच, अमुक वाजता तुमचा आवाज असा असा आला म्हणून कळवतात. बऱ्याच दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. त्यात व्हेराक्रूझचा रंगीत नकाशा आणि इंग्रजीतली एक पुस्तिका. नकाशा आम्ही चुलीमागच्या भिंतीला खळीने चिकटवला, कारण तीच एक भिंत रिकामी होती. राज्याचा आकार लांबट, समुद्राच्या काठाने वाकलेला, वाळलेल्या मिरचीसारखा. पोळ्या करता करता मी त्याच्याकडे बघायचे. पश्चिमेला बर्फाचं टोक असलेला ज्वालामुखी, मेक्सिकोतला सगळ्यात उंच डोंगर, जो म्हणे गलबतांना जमीन दिसायच्या आधी दिसायचा. त्याच्या उतारावर कॉफी. खाली सपाटीत ऊस, भात, आंबे. एका नदीचं नाव फुलपाखरांची नदी. उत्तरेला जंगलात एका वेलीवर येणाऱ्या शेंगा, ज्यांचा वास आपल्याला आइस्क्रीममध्ये माहीत आहे, त्या व्हॅनिलाचं माहेर तिथलं. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून असा वारा सुटतो की बंदरातली कामं थांबतात.

संध्याकाळी मी पुस्तिका वाचायचे, शब्दकोश मांडीवर, आणि प्रकाशरावांना मराठीत सांगायचे. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनची गलबतं लागली ती याच किनाऱ्याला. गोरे लोक उतरले, त्यांनी गाव वसवलं, बंदर बांधलं, किल्ला बांधला, आणि तिथून पुढे अख्खा देश गिळला. त्याच्याही फार फार आधी तिथे राहणाऱ्या लोकांनी माणसापेक्षा मोठाली दगडी डोकी कोरली होती, जाड ओठांची, शिरस्त्राण घातलेली, आणि ती कोणाची हे आजही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आजही डोंगरातल्या खेड्यांत लोक आपापल्या जुन्या भाषा बोलतात. बाजारात स्पॅनिश, घरात आपली. मी म्हटलं, "हे तर आमच्या सालेकसासारखं झालं. पोरं शाळेत मराठी, दुकानात हिंदी, घरी गोंडी."

आत्याबाई हे सगळं ओसरीवरून ऐकायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं अखंड चालू. बिड्या वळताना त्यांचं लक्ष बिडीत कधीच नसायचं, बोटांना ते काम पाठ होतं. मी एकदा त्यांना सांगितलं की ही तंबाखू मुळात तिकडचीच, व्हेराक्रूझच्या एका डोंगराळ भागात अजून नामांकित पिकते. मिरची तिकडची, टमाटर तिकडचा, मका, पेरू, सीताफळ सगळं तिकडून आलेलं.

त्यांनी सूप थांबवलं. "मिरची बी?"

"हो."

"मंग त्याहिच्या यायच्या आधी आपले लोक काऊन जगत होते वो माय, मिरचीबिना?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या नकाशाकडे जरा मायेने बघायला लागल्या. पाहुणे आले की "हे आमच्या मिरचीचं गाव" म्हणून दाखवायच्या.

आता त्या चौथ्याचं.

माझा धाकटा दीर मिलिंद. मी लग्न होऊन आले तेव्हा होता घरात. हसरा, चपळ, हाताने कलाकार. रोवणीच्या दिवसांत, चिखलात दिवसभर वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावून झाल्यावर, एका संध्याकाळी ताटावर बसला आणि म्हणाला, "माय, मले हे चिखलाचं काम नाई करायचं पुढच्या सालापासून. मी नागपूरले वेल्डिंग शिकतो." एवढंच. पण आत्याबाईंची कंबर दुखत होती, दिवसभर त्यांनीही परे लावले होते, आणि नवरा गेल्यापासून त्या दोन बांध्या त्यांनी एकटीने ओढलेल्या. त्या भडकल्या. "धानात उतरायचं नाई त या घरचा भात बी खाऊ नोको!"

मिलिंदचा हात ताटातच थांबला. मग तो उठला, हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला गेला. अर्धं ताट तसंच राहिलं. मी तेव्हा नवी, कोपऱ्यात उभी होते. आत्याबाईंनी ते ताट बराच वेळ उचललं नव्हतं.

दसऱ्याला प्रकाशराव नागपूरला जाऊन त्याला भेटून आले. तो एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागला होता, तिथेच राहत होता. म्हणाला, "मायनं बोलावलं त येईन. तिनंच भात नोको खाऊ म्हणलं होतं." हे आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी काऊन बोलावू? स्वतःच्या घरी याले का कोणी बोलावते?" दोघं मायलेक एकाच मातीचे. मी प्रकाशरावांना म्हटलं, "अजी, तुम्हीच खोटं सांगा ना, मायनं बोलावलं म्हणून." ते म्हणाले, "तो ओळखते."

त्यात आमच्या घरची एक रीत. नवा भात पहिल्यांदा शिजतो तेव्हा घरातले सगळे एका पंगतीला बसलेले पाहिजेत. एकही कमी असला तर शिजवायचा नाही. हलकं धान लवकर निघालं, खळ्यावर चुरलं, मिलमध्ये कांडून आलं. घरात नव्या तांदळाचं पोतं उभं राहिलं. आणि आम्ही रोज जुनाच तांदूळ खात होतो. शेजारणी विचारायच्या, "नवं झालं का नाई?" आत्याबाई म्हणायच्या, "जुना लय पडला आहे अजून." साफ खोटं. जुन्याच्या डब्याचा तळ लागला होता, मी रोज त्यात वाटी खरवडत होते. मला ते फार लागायचं. वाटायचं, एवढ्याशा शब्दासाठी दोघं अडून बसलीत, कोणी तरी दोघांचे कान धरावेत.

अशाच एका पहाटे प्रकाशराव मला पुस्तिकेतलं एक पान पुन्हा वाचायला सांगत होते. रेडिओंबद्दलचं. व्हेराक्रूझच्या बंदरात मोठी केंद्रं होती, गाण्याबजावण्याची, जहाजांना हवामान सांगणारी. पण उत्तरेकडच्या डोंगरात एक लहानसं केंद्र होतं. तिथे टेलिफोन नाही, रस्ता धड नाही. पोरं कामाला दूर शहरात गेलेली. तर हे केंद्र तिथल्या लोकांचे निरोप वाचायचं, त्यांच्याच भाषेत. अमक्याला सांगा, मका काढायला आलाय. तमकीला सांगा, बहिणीला मुलगी झाली. फलाण्याला सांगा, आईची तब्येत बरी आहे, काळजी नको.

ओसरीवर कात्रीचा आवाज थांबला.

"हे खरं होय?" आत्याबाईंनी तिथूनच विचारलं. "रेडिओवर घरातलं सांगतेत? नाव घेऊन?"

"नाव घेऊन," प्रकाशराव म्हणाले.

"आन् त्या पोट्ट्याले आयकू येते?"

"येते."

कात्री परत सुरू झाली. दोन-तीन दिवस त्या नकाशापुढे जास्त वेळ उभ्या राहायच्या, इतकंच माझ्या लक्षात आलं.

मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, त्यांनी मला हाक मारली. "वनिता, कार्ड आण. फर्माइश लिहाची आहे."

मी बघतच राहिले. एक तर त्या मला पहिल्यांदाच नावाने बोलावत होत्या, एरवी "सूनबाई". आणि दुसरं म्हणजे फर्माइश! तेव्हा दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमात लोक पोस्टकार्डावर आपली पसंती कळवायचे, आणि गाण्याआधी निवेदक नावं वाचायचा: अमक्या गावाहून अमुक, तमुक, आणि परिवारातले सर्व. सगळा मुलूख ते ऐकायचा. दुकानं, गॅरेजं, शिलाईची दुकानं, बिडीच्या ओसऱ्या. पण आत्याबाईंना गाण्याचा कंटाळा. त्या रेडिओ लागला की "कायले केकाटून रायला" म्हणायच्या.

"कोणतं गाणं?" मी विचारलं.

"कोणतं बी घाल. नावं लिही. मुर्रीहून. जिल्हा गोंदिया, भंडारा नोको लिहू. पार्बताबाई. प्रकाश. वनिता." त्यांनी बिडीचा दोरा दातांनी तोडला. "मिलिंद."

मी लिहिता लिहिता थांबले. "पण आत्याबाई, मिलिंद भाऊजी तर इथे नाहीत."

"लिही म्हणलं ना!"

मी लिहिलं. माझं नावही त्या ओळीत होतं, घरातल्यांच्या ओळीत, मिलिंदच्या आधी. कार्ड पेटीत टाकायला जाताना मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

मग वाट बघणं. आत्याबाई दाखवत नव्हत्या, पण दुपारी रेडिओ सुपाशेजारी यायला लागला. उशिरा पिकणारं धान कापायला जाताना त्या तो फडक्यात बांधून सोबत घ्यायच्या आणि बांधावरच्या पळसाला टांगायच्या. बाया हसायच्या, "का वो पार्बता, म्हातारपणी गाण्याचा शौक?" त्या म्हणायच्या, "बैलाले आयकवतो." कार्यक्रम संपायचा, मुर्रीचं नाव नाही. रोज कुठल्या कुठल्या गावांची नावं यायची. मला सालेकसाहून परतताना, गाडी जंगलातून जात असताना, खिडकीशी बसून तेच डोक्यात यायचं: आज आलं असेल का? घरात पाय ठेवताच मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे. चेहरा कोरडा.

आणि आता आमच्या अकलेचा नमुना सांगते. मंडईच्या काही दिवस आधी प्रकाशरावांची सुट्टी होती. मेक्सिकोच्या त्या केंद्राला आम्ही आता व्हेराक्रूझच म्हणायचो, आणि त्याचा आवाज अलीकडे फार खरखरत होता, म्हणून त्यांनी भरदुपारी रेडिओ खोलला. पेपरवर सगळे सुटे भाग पसरले, कथलाचा वास घरभर, डाग देणं चालू. आत्याबाई शेजारीच बिड्या वळत बडबडत होत्या, "आजच खोलाचा होता का रे तुले?" ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत जोडतो." जोडलाही. पण त्या दुपारी मुर्रीचं नाव घेतलं गेलं की नाही, आमच्या घरात कोणाला कळलं नाही. शेजारीपाजारी सगळे बांध्यांत. ज्या घरात अर्धी पृथ्वी ओलांडून आवाज यायचे, त्या घरात त्या दिवशी रेडिओचा नुसता सांगाडा. आत्याबाईंनी त्या दिवसापासून रेडिओ मागणं सोडून दिलं. "नाई वाचत ते आपलं," म्हणाल्या. मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी प्रकाशरावांशी दोन दिवस धड बोलले नाही. लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण व्हेराक्रूझवरून झालं, हे आता सांगताना हसू येतं.

मंडईचा दिवस उजाडला. घर पाहुण्यांनी भरलं. अंगणात चटया, चहाचं पातेलं उतरत नव्हतं, पोरांच्या तोंडात पिपाण्या. गावात दंडारीची ढोलकी घुमत होती. आणि दुपारी, पाहुण्यांचं जेवण निघायच्या बेतात, फाटकाची कडी वाजली. मिलिंद. खांद्यावर पिशवी, केस वाढलेले, हाताला डागण्याचे काळे ठिपके. आत आला नाही, फाटकातच उभा राहिला.

"जयभीम वहिनी," मला म्हणाला. मग आईकडे वळला. "माय, रेडिओवर माझं नाव काऊन घेतलं तू?"

आम्ही तिघंही दचकलो. आत्याबाईंच्या हातात वरण वाढायचा डाव होता, तो तसाच राहिला.

"आलं?" त्या म्हणाल्या.

"आलं म्हंजे! दुकानात भर गिऱ्हाइकात. मुर्रीहून पार्बताबाई, प्रकाश, वनिता, मिलिंद. सेठ म्हणते, 'अबे, तू तो मुर्री में बैठ के गाना सुन रहा है, तो इधर मेरे यहाँ कौन काम कर रहा है?' सगळे हासून रायले माझ्यावर. मी इथं होतो का, सांग? मग माझं नाव काऊन घेतलं?"

आत्याबाईंनी डाव खाली ठेवला. पदराने हात पुसले. त्यांच्या आवाजात चिडही नव्हती, मनधरणीही नव्हती.

"फर्माइशीत घरातल्याचंच नाव घेतेत," त्या म्हणाल्या. "तू घरातला नोहे का?"

मिलिंदने मान खाली घातली. प्रकाशराव पुढे गेले आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मला रडू आवरेना, मी सरळ आत पळाले. आणि आत जाऊन काय करायचं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. पोत्याची शिवण ओढली, सुतळी सर्रकन उसवली आणि घरभर तो वास पसरला. पाहुण्यांसाठी जुन्या तांदळाचा भात तयार होता तरी मी नव्याचं आधण ठेवलं. पाहुण्यांचं आटपल्यावर आम्ही चौघं एका ओळीत बसलो, चुलीमागच्या त्या मिरचीसारख्या नकाशाखाली. मिलिंदने पहिला घास घेतला तेव्हा आत्याबाई दुसरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "घे आणखी. नागपूरले का भेटते असा?"

तो भात मी आयुष्यात विसरणार नाही. साधा, वर तूपही नव्हतं.

मिलिंद वेल्डिंग शिकला, चिखलात परत उतरला नाही, आणि आत्याबाईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बांध्या त्यांनी ठेक्याने दिल्या. आता मुर्रीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, जोडीला मंडप आणि साऊंडचा धंदा. त्याची बायको शालू आणि आत्याबाई ओसरीवर बसून जगाचा निकाल लावतात. बिड्या सुटल्या, पण आत्याबाईंची बोटं बोलताना अजून वळवळतात. व्हेराक्रूझ मात्र त्या हिवाळ्यानंतर परत लागलं नाही. ते खरोखर व्हेराक्रूझ होतं की स्पॅनिश बोलणारं दुसरंच कुठलं केंद्र, कोण जाणे. प्रकाशराव छातीवर हात ठेवून सांगतात की तेच. मी वाद घालत नाही. ती पहाटेची केंद्रं एकेक करून बंद पडली, तार काळी पडली, आणि आता तिच्यावर खरंच कपडे वाळतात. मुलांना मेक्सिको शिकवते तेव्हा मात्र मी पुस्तकातल्यापेक्षा जास्तच सांगते, आणि मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही तिथं गेल्या होत्या का?"

आज रविवार, म्हणून मुर्रीला गेलो. पुढच्या रविवारी मंडई. नव्याचं पोतं इथेही शिवलेलंच उभं होतं. आत्याबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोट्टी कवा येते?" मी म्हटलं, "नाही येत. परीक्षा आहे." आणि परत त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळायला घेतली. जरा जोरातच.

बाहेरून आवाज आला, "मिलिंद, तुझा फोन आण रे. त्यात बोललं की जाते ना तिच्याकडे?"

मिलिंदने बटण दाबून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. आत्याबाईंनी घसा साफ केला आणि अगदी निवेदकाच्या थाटात सांगितलं:

"मुर्रीहून पार्बताबाई, प्रकाश, वनिता, मिलिंद, शालू. आन् प्रज्ञा."

झालं. पुढे एक शब्द नाही. या घरची ती गोष्ट प्रज्ञाने लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. फोन चटईवर पडून राहिला, सगळे त्याच्याकडे बघत बसले, मी पातेलं हातात घेऊन दारातून. दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. मग फोन थरथरला. मिलिंदने मोठ्याने वाचलं:

"आजी, पोतं फोडू नका. रविवारी पहाटेच्या गाडीने येऊन राहिली, रात्री परत."

माझ्या हातातलं पातेलं मी अगदी हळू, आवाज न करता, पालथं ठेवलं. ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "हं. आता नाई आपटत भांडे."